फ्यूजवरचा आकडा नेमकं काय सांगतो?

संशोधनासाठी विषय शोधताय? मग आज एक अगदी छोटी वस्तू घेऊ: फ्यूज. पेणजवळची धरमतरची खाडी घ्या, नाहीतर रोह्याहून रेवदंड्याकडे जाणारी कुंडलिका. बोटीवर बॅटरीच्या पंपाचा फ्यूज उडाला, तर त्या जागी काय बसवायचं?

प्रश्न जुना आहे. १८८० मध्येच ‘कोलंबिया’ या अमेरिकन जहाजावर एडिसनचे दिवे लागले होते. त्या काळी फ्यूज म्हणजे लवकर वितळणारी तार. पण किती जाडीची? ब्रिटिश टपाल खात्यातले विद्युत अभियंते विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात हे मोजून काढलं. तार वितळवणारा प्रवाह तिच्या व्यासाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात असतो. तांब्याची ०.२ मिमी तार साधारण ७ अँपिअरला वितळते, १ मिमीची ८० ला.

इथे थांबा आणि विचारा: हे कोणत्या परिस्थितीत खरं? उघड्या हवेतल्या लांब तारेसाठी. तार आखूड असली की दोन्ही टोकांचे स्क्रू तिची उष्णता ओढून घेतात. आर्थर कॉकबर्न यांनी १८८७ मध्येच याकडे लक्ष वेधलं होतं.

आता आपल्याकडे या. खोपोली (१९१५) आणि भिरा (१९२७) इथल्या टाटांच्या केंद्रांत तयार झालेली वीज एसी. घरातल्या किटकॅट फ्यूजमध्ये तार गुंडाळायची सवय आपल्याला या एसीवरच लागली. ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तार तुटल्यावर पडलेली ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीचा डीसी प्रवाह असा शून्यावर येतच नाही. म्हणून काचेच्या फ्यूजवर ‘२५० व्होल्ट एसी’ लिहिलंय, एवढ्यावर तो बोटीला चालेल असं धरू नका.

शिवाय ६० वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर तब्बल ५. आणि मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर प्रवाह हजार अँपिअरच्याही वर जाऊ शकतो.

म्हणून बदली फ्यूज घेताना चार गोष्टी बघा: अँपिअर तेवढेच, प्रकार तोच, डीसी व्होल्टेज बॅटरीइतकं किंवा जास्त, आणि शॉर्टचा प्रवाह तोडायची क्षमता पुरेशी. फ्यूज वायरिंग वाचवण्यासाठी असतो. १० च्या जागी ३० चा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावलीत, तर तापून आधी जळेल ती वायर. खाऱ्या हवेने होल्डर गंजला की तिथे रोध वाढतो, जोड तापतो आणि फ्यूज विनाकारणही उडू शकतो. तेव्हा आधी कारण शोधा, होल्डर साफ करा, मगच नवा फ्यूज बसवा.

तुमच्यासाठी काम: आपल्या विषयातलं रोज वापरात असलेलं एक सूत्र घ्या. त्याचा मूळ प्रयोग कोणत्या परिस्थितीत झाला आणि आज ते कुठे वापरलं जातं, हे दोन रकान्यांत लिहा. दोन्ही जुळत नसतील, तर तिथे तुमचा संशोधन-प्रश्न असू शकतो.