रेडिओवरचे तिघे

भीमसेन जोशींचा अभंग रंगात आलेला असायचा आणि मध्येच खाट्‌कन आवाज होऊन एरिक किअरन्स नावाचे गृहस्थ क्वेबेकच्या कारभारावर बोलायला लागायचे. ही करामत आमच्या थोरल्या काकांची. कोरी कॅसेट हाताशी नसली की जी सापडेल तिच्यावर ते रेडिओ उतरवून घेत. काकूंनी कराडहून जपून नेलेल्या कॅसेटी अशा एकेक करत राजकारणात गेल्या. काकू म्हणायच्या, "विठ्ठलाला उठवून हे म्हातारे बसवलेत ह्यांनी."

काका १९६८ साली कॅनडात गेले. आदल्याच वर्षी तिकडं गुणांची पद्धत सुरू झाली होती. शिक्षण, वय, भाषा, हातातलं कसब यांना गुण आणि त्यावर प्रवेश. काका धातुशास्त्र शिकलेले, तेव्हा ओंटारियोतल्या हॅमिल्टनला, पोलादाच्या गावात, त्यांना काम मिळणं ओघानंच आलं. ते पोचले तेव्हा पिएर ट्रूडो नुकतेच लिबरल पक्षाचे पुढारी झाले होते आणि २५ जूनच्या निवडणुकीची धामधूम होती. ट्रूडोंना आपण दहा हातांवरून पाहिलं, असं काका सांगायचे. काकूंच्या सांगण्याप्रमाणे त्यांना फक्त पुढच्या माणसाची टोपी दिसली होती. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले, आणि आता निवाडा करायला कोणी उरलेलं नाही.

मी १९८३ च्या सप्टेंबरात मॅकमास्टर विद्यापीठात शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला गेले. घरात पहिल्याच आठवड्यात मला एक काम नेमून मिळालं. सकाळी नऊला सीबीसी रेडिओवर पीटर झॉस्की यांचा 'मॉर्निंगसाइड' लागायचा, तो बारापर्यंत चाले. त्यात आठवड्यातून एकदा तीन पक्षांतले तीन मुरलेले लोक गप्पा मारत. काका पहिल्या पाळीला असले की ते तिघे सुरू होताच टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायची, ही माझी जबाबदारी. काकूंवर त्यांचा या बाबतीत विश्वास नव्हता, आणि तो का नव्हता हे वर आलंच आहे.

तिघांची ओळख काकांनी मला थालीपीठाच्या ताटावर करून दिली. (भाजणी संपलेली असायची. काकू ओटमील आणि बेसन मिसळून जे थापायच्या त्याला आम्ही थालीपीठच म्हणायचो.) डाल्टन कॅम्प हे कॉन्झर्व्हेटिव्ह, न्यू ब्रन्सविकचे. जाहिरातीच्या धंद्यातला माणूस, प्रचार कसा लढवायचा हे त्यांना पाठ. पक्षाचे अध्यक्ष असताना १९६६ मध्ये त्यांनी आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्याची, माजी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांची, फेरपरीक्षा घ्यायला लावली. पुढच्या वर्षी डीफेनबेकरांचं पुढारीपण गेलं आणि रॉबर्ट स्टॅनफील्ड आले. पक्षातल्या कित्येकांनी त्यासाठी कॅम्पना कधीच माफ केलं नाही. हे सांगताना काका आवाज खाली आणायचे, जणू शेजारी कोणी डीफेनबेकरचा माणूस कान देऊन बसलाय.

किअरन्स लिबरल. आधी माँट्रियल शेअर बाजाराचे अध्यक्ष, मग क्वेबेक प्रांतात जाँ लेसाज यांच्या सरकारात मंत्री. तिथं रेने लेव्हेक त्यांचे मित्र आणि सहकारी. लेव्हेक क्वेबेकच्या सार्वभौमत्वाकडे वळले, तेव्हा १९६७ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते हेच किअरन्स. लेव्हेक बाहेर पडले आणि पुढं त्यांनी स्वतःचा पक्ष काढून १९७६ मध्ये प्रांत जिंकला. किअरन्स राजधानीत, ओटावात जाऊन ट्रूडोंच्या मंत्रिमंडळात टपालमंत्री झाले आणि १९७१ मध्ये आर्थिक धोरण पटेना म्हणून राजीनामा देऊन मोकळे झाले. काकांचा जीव या माणसावर. "खुर्ची सोडलेला माणूस बोलतो तेव्हा ऐकावं, पोरी," म्हणायचे.

तिसरे स्टीफन लुईस, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्या घरात राजकारण पिढीजात. वडील डेव्हिड लुईस १९७१ पासून १९७५ पर्यंत देशाच्या पातळीवर पक्षाचे पुढारी आणि त्याच काळात मुलगा ओंटारियोत प्रांताचा पुढारी. बाप ओटावात, पोरगा टोरंटोत. लुईस बोलायला लागले की काकू हातातलं लाटणं थांबवायच्या. इंग्रजी सगळं कळत होतं असं नाही, पण त्यांना तो आवाज आवडायचा. मलाही आवडायचा. लांबलचक वाक्य हवेत टांगून ठेवायचं आणि शेवटी अलगद क्रियापदावर उतरवायचं, असं इंग्रजी मी तोवर ऐकलं नव्हतं.

आणि हे तिघं भांडत कसे, तर मजेत. एकमेकांच्या पक्षातली अंडीपिल्ली त्यांना माहीत, तरी कोणी कोणाचं उणं काढून टाळी घेत नसे. उलट कॅम्प आपल्याच पक्षाला टोला मारायचे आणि लुईस खो खो हसायचे.

मला मात्र सुरुवातीला काही केल्या उमगेना की प्रांतातला लिबरल आणि ओटावातला लिबरल यांचं नातं काय. इकडं आपल्याकडं काँग्रेस म्हणजे दिल्लीचा शब्द शेवटचा, हे बघत मी वाढलेली. तेव्हा काकांनी भावानं पाठवलेल्या जुन्या कालनिर्णयचं पान उलटं करून आकृती काढली. त्यांचं म्हणणं, हे पक्ष म्हणजे वाटणी झालेल्या भाऊबंदांसारखे, आडनाव एक आणि चुली दोन. क्वेबेकच्या लिबरलांनी १९६४ मध्ये ओटावाच्या लिबरलांपासून आपली संघटना वेगळी केली. ब्रिटिश कोलंबियात तर त्या वेळी राज्य होतं सोशल क्रेडिट पक्षाचं, आणि ओटावासाठी लिबरलांना किंवा कॉन्झर्व्हेटिव्हांना मत देणारे तिथले कितीतरी लोक प्रांतात त्याच एका छपराखाली नांदत होते. न्यू डेमोक्रॅटांचं तेवढं एकत्र कुटुंब: प्रांतात सभासद झालं की देशातही सभासद. ते पान माझ्याकडं बरीच वर्षं होतं. आकृतीत एक बाण अल्बर्टाकडे जात होता, तो कशासाठी हे मला आता आठवत नाही.

काका स्वतः याच तऱ्हेनं वागायचे. देशाला लिबरल, प्रांताला कॉन्झर्व्हेटिव्ह. ओंटारियोत तेव्हा १९४३ पासून कॉन्झर्व्हेटिव्हांचंच राज्य सलग चाललेलं आणि १९७१ पासून ब्रॅम्प्टनचे बिल डेव्हिस मुख्यमंत्री, म्हणजे तिकडचे प्रीमियर. पाइप ओढणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यांच्या निवडणूक यंत्रणेला 'बिग ब्लू मशीन' म्हणत आणि ती उभारणारे नॉर्मन अॅटकिन्स हे आपल्या डाल्टन कॅम्प यांचे मेहुणे. हे नातं कळलं तेव्हा काकांना कोण आनंद झाला! आपल्याकडच्यासारखं काहीतरी अखेर सापडलं होतं.

हॅमिल्टनमधल्याच ओटावा स्ट्रीटवर टिम हॉर्टन्स या कॉफी-डोनटवाल्यांचं १९६४ मधलं पहिलं दुकान. सुट्टीच्या सकाळी काकांचा फड तिथं जमायचा. एक कारखान्यातला युनियनवाला, एक स्कॉटिश आजोबा जे दर निवडणुकीत लिबरलांसाठी दारोदार फिरायचे, आणि एक निवृत्त शिक्षक, पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. मतदारसंघाच्या बैठकीत उमेदवारी कोणाला मिळणार, कोणी किती नवे सभासद नोंदवले, कोणाच्या अंगणात कोणाची पाटी लागली, याच्या बातम्या त्या टेबलावर वर्तमानपत्राच्या आधी पोचत. मीही दोनदा-तीनदा गेले. एका डोनटवर दीड तास बसता येतं हे तिथं शिकले.

काकांची जुनी पत्रं वडिलांनी जपून ठेवली होती, ती निळी एरोग्रामं. त्यातलं एक माझ्या आवडीचं आहे. जुलै १९७८ मध्ये इकडं वसंतदादांचं सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा वडिलांनी तावातावानं पानं भरून कळवलं होतं. काकांनी त्याचं उट्टं दीड वर्षानं काढलं. कॅनडात १९७९ च्या मे महिन्यात जो क्लार्क यांनी ट्रूडोंना हरवलं, पण बहुमत नव्हतं. डिसेंबरात अर्थसंकल्पावर, ज्यात पेट्रोलवर गॅलनमागं १८ सेंट कर होता, त्यांचं सरकार १३९ विरुद्ध १३३ मतांनी पडलं. ट्रूडोंनी तर तीनच आठवडे आधी निवृत्ती जाहीर केली होती, ते परत आले. इकडं इंदिराबाई जानेवारी १९८० मध्ये परतल्या, तिकडं ट्रूडो फेब्रुवारीत. काकांनी लिहिलं होतं, "तुमचं आमचं आता सारखंच झालं, फक्त आमच्याकडं बर्फ जास्त."

ट्रूडोंनी परत आल्यावर संविधान ब्रिटनकडून देशात आणायचा घाट घातला आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये ओटावात प्रांतांशी बोलणी अडली. ती सुटली कुठं, तर परिषदेच्या इमारतीतल्या स्वयंपाकघरात. केंद्राचे लिबरल जाँ क्रेतिएँ, सस्कॅचवानचे न्यू डेमोक्रॅट रॉय रोमॅनो आणि ओंटारियोचे कॉन्झर्व्हेटिव्ह रॉय मॅकमर्ट्री, असे तीन पक्षांचे तिघे तिथं उभ्या उभ्या बोलले. रात्रीतून मसुदा झाला. लेव्हेक नदीपलीकडं हलमध्ये झोपले होते, त्यांना सकाळी कळलं. क्वेबेकनं ते कधी मनातून काढलं नाही. काका ही गोष्ट देशाच्या शहाणपणाची म्हणून सांगायचे. काकूंना ती आवडत नसे. "पाचजणांत एकाला झोपू द्यायचं आणि वाटणी करायची, यात शहाणपण कसलं?" मला वाटतं, काकूंचंच बरोबर होतं.

१९८४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ब्रायन मल्रोनी २११ जागा घेऊन आले आणि त्यांनी संयुक्त राष्ट्रांत कॅनडाचा राजदूत म्हणून नेमलं कोणाला, तर न्यू डेमोक्रॅट स्टीफन लुईसना. काका दोन दिवस हेच बोलत होते. मला अजून ते नवल वाटतं. पक्ष ओलांडणारे पुढंही झाले, जाँ शारे तर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पुढारी होते ते क्वेबेकचे लिबरल प्रीमियर झाले. पण त्यात हिशेब दिसतो. लुईसच्या नेमणुकीत मला हिशेब कमी आणि दिलदारपणा जास्त दिसला, कदाचित वय लहान होतं म्हणून असेल.

१९८५ मध्ये डेव्हिस पायउतार झाल्यावर ४२ वर्षांची निळी सत्ता संपली. लिबरल डेव्हिड पीटरसन यांनी न्यू डेमोक्रॅट बॉब रे यांच्याशी लेखी करार करून सरकार बनवलं. काका सुतकात. पण मग पीटरसनही त्यांना आवडायला लागले, आणि १९९० च्या निवडणुकीत तेच निवडून येणार असं त्यांनी टिम हॉर्टन्सच्या टेबलावर पैजेवर सांगितलं.

६ सप्टेंबरच्या रात्री मी त्यांच्याकडंच होते. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती, उपास कसला होता देव जाणे. निकाल लागत गेले आणि बॉब रे १३० पैकी ७४ जागा घेऊन बसले. खुद्द पीटरसन आपली जागा हरले. काकांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "यांना मतं दिली तरी कोणी?"

"मी दिलं," काकू म्हणाल्या. "पंच्याहत्तर सालापासून देतेय. तेव्हा आपल्या घरमालकानं भाडं वाढवलं होतं, आठवतं का? तो लुईस रोज उठून भाड्याचंच बोलायचा. तुमचा तो पाइपवाला नंतर जागा झाला."

काका बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "आणि फेडरलला?"

"ते विचारायचं नसतं अहो," म्हणत काकूंनी त्यांचं ताट पुन्हा पुढं सरकवलं.