खिडकीची काच आणि ती पुसणारी बाई

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी पाककृती असतात, एखादे प्रवासवर्णन असते आणि अध्यक्षांचे मनोगत तर असतेच. यंदा चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली की, "तुम्ही इतिहास शिकवत होतात ना, मग घरकामाविषयी काहीतरी लिहा, पण इतिहासाच्या अंगाने." विषय शोधण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या पुसण्याचे काम चालले होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी खिडकीतून बाहेर उतरून, वीतभर रुंदीच्या सज्जावर उभ्या राहून, एका हाताने चौकट धरून दुसऱ्या हाताने काच पुसत होत्या. मी आतून त्यांना ओले फडके देत होते. एवढेच नव्हे, तर "मावशी, वरचा डावा कोपरा राहिला हो!" असेही मी म्हणाले. त्या पाय उंचावून कोपऱ्यापर्यंत पोहोचल्या. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे काही महिन्यांनी वाचनात एक जुना कायदा आला आणि ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले. त्या कायद्याकडे मी येणारच आहे.

आपल्या पणज्यांना खिडक्या पुसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण खिडकीला काच नव्हती. वाड्याच्या खिडकीला गज आणि लाकडी झडपा. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवला की काम झाले. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी एका जातीच्या शिंपल्याचे चपटे, पारदर्शकप्राय तुकडे लाकडी जाळीत बसवलेले आजही पाहावयास मिळतात. त्यांतून उजेड मंद आणि दुधाळ येतो, ऊन मात्र टोचत नाही. आमच्या बायकांचा काचेशी रोजचा संबंध आला तो कंदिलामुळे. दिवेलागणीच्या आधी काचेवरची काजळी चाळलेल्या राखेने काढावयाची आणि मऊ फडक्याने काच लख्ख करावयाची, हे बहुधा घरातल्या मुलीचे काम असे. ती काच पुष्कळदा ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची असे. हात आत जाईल एवढी लहान मुलगीच त्या कामाला लागते, असे माझी आई म्हणे. खिडकीच्या काचेचे काम मात्र आपल्याकडे शहरी इमारतींबरोबर आले, आणि ते कसे करावयाचे हे आपण ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या घरात डोकावल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

इंग्लंडात १६९६ साली खिडक्यांवर कर बसला. ज्याच्या घराला खिडक्या अधिक, त्याला कर अधिक. लोकांनी काय करावे? विटा घालून खिडक्या बुजवल्या. अशी आंधळी खिडकी असलेली घरे तिकडे अजून दिसतात. शिवाय काचेवर वेगळी जकात होती. ती १८४५ साली उठली आणि खिडक्यांवरचा कर १८५१ साली गेला. त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने उभारलेल्या स्फटिकप्रासादात सुमारे तीन लाख तावदाने बसवली गेली. सरकारने उजेडावरचा कर सोडला आणि मध्यमवर्गाच्या घरांनाही मोठमोठ्या काचा दिसू लागल्या. त्यांतून दगडी कोळशाचा धूर असा की काच आज पुसावी आणि चार दिवसांत तिच्यावर पुन्हा काळा थर बसावा. काच स्वस्त झाली, पण तिच्या पाठोपाठ येणारे काम कोणाच्या वाट्याला गेले, हे त्या प्रदर्शनाच्या वर्णनांत कोणी लिहीत नाही.

ते गेले घरातल्या मोलकरणीकडे. इंग्रजी घराची खिडकी आपल्यासारखी दाराप्रमाणे उघडत नसे. तिच्या दोन झडपा एकमेकींवरून वर-खाली सरकत. आतून हात घालून बाहेरची बाजू पुसता येत नाही. म्हणून मोलकरीण खालची झडप वर उचलून खिडकीच्या कट्ट्यावर पाठमोरी बसे. पाय खोलीत, धड रस्त्यावर. मग ती झडप आपल्या मांड्यांपर्यंत खाली ओढून घेई, म्हणजे तिचाच आधार, आणि समोर आलेली काच बाहेरून पुशी. पायघोळ झगा, खाली दगडी फरसबंदी, आणि मजला दुसरा किंवा तिसरा. हॅना कलविक नावाच्या एका मोलकरणीने (१८३३–१९०९) आपल्या कामाची रोजनिशी लिहून ठेवली. ती १९८४ साली छापून निघाली. चुली, बूट, पायऱ्या, फरश्या, सगळे गुडघ्यांवर बसून घासल्याच्या तिच्या नोंदी वाचताना आपलीच कंबर दुखू लागते. घरकामाचा इतिहास इतक्या जवळून सांगणारी माणसे विरळाच, कारण ते काम करणाऱ्या बाईला दिवसाअखेर लेखणी हातात धरण्याचे त्राण कोठून उरणार?

आता तो कायदा. १८४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने शहरांतील पोलिसी व्यवस्थेसंबंधी एक कायदा केला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात रस्त्यावर होणाऱ्या उपद्रवांची लांबलचक यादी आहे. त्या यादीत असे एक कलम आहे की, आपल्या नोकरीतील माणसाला खिडकीची बाहेरची बाजू पुसण्यासाठी किंवा रंगवण्यासाठी कट्ट्यावर उभे राहावयास जो सांगेल, किंवा राहू देईल, तो दंडास पात्र; तळघराची खिडकी तेवढी वगळली आहे. दंड चाळीस शिलिंगांपर्यंत, नाहीतर चौदा दिवसांपर्यंत तुरुंग. "राहू देईल" हे शब्द मी दोनदा वाचले. हुकूम करणारी मालकीणच नव्हे, तर पाहूनही गप्प बसणारीसुद्धा त्यात येते. आणि फडके पुरवून "कोपरा राहिला" म्हणणारी? तिची गणना कोठे करावयाची ते वाचकांनीच ठरवावे.

पण हा कायदा फार कनवाळू होता असेही समजू नये. त्याच यादीत पतंग उडवणे आहे, रस्त्यात सतरंजी झटकणे आहे (पायपुसणे मात्र सकाळी आठच्या आत झटकलेले चालते), रस्त्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालणे आहे, आणि वरच्या खिडकीत नीट न अडकवलेली फुलझाडाची कुंडीही आहे. म्हणजे कुंडी आणि मोलकरीण एकाच ओळीत बसवलेल्या. सारी यादी रहिवाशांना आणि वाटसरूंना होणाऱ्या त्रासाची व धोक्याची. चिंता खालून जाणाऱ्याच्या डोक्याची. दुसरी मौज अशी की कायद्यातला शब्द "उभे राहणे" असा आहे. पाठमोरे बसण्याबद्दल तो काही बोलत नाही, आणि बसून पुसण्याची रीत पुढेही चालूच राहिली. तरीसुद्धा दंड मालकाला, नोकराला नव्हे, एवढी गोष्ट त्या जुन्या लोकांना कळली होती, याचे श्रेय मी त्यांना देते.

पुढे हळूहळू हे बाहेरचे काम शिडी घेऊन हिंडणाऱ्या पुरुषांकडे गेले. प्रत्येकाच्या गल्ल्या ठरलेल्या, ठरावीक दिवसांनी ठरलेल्या घरी यावयाचे आणि पैसे घेऊन पुढे जावयाचे. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) पुरुष लढाईवर गेले तेव्हा बायकांनी खांद्यावर शिड्या घेऊन हा धंदा चालवला. लंडनच्या युद्धसंग्रहालयात त्यांची छायाचित्रे आहेत. घरची मोलकरीण म्हणून जे काम ती कट्ट्यावर बसून करीत होती, तेच आता शिडी, बादली आणि रोख मजुरी घेऊन! फरक केवढा आहे, हे आपल्या सभासद भगिनींना समजावून सांगावयास नको.

आता कामाच्या रीतीकडे वळते, कारण नुसत्या सनावळ्या वाचून कोणाची काच स्वच्छ व्हावयाची नाही. जुन्या रीती पुष्कळ होत्या. खडूची बारीक पूड पाण्यात कालवून काचेवर फासावयाची आणि वाळल्यावर कोरड्या फडक्याने काढावयाची. पाण्यात शिरका किंवा स्पिरिट घालावयाचे. शॅमॉय नावाचे मऊ कातडे ओले करून पिळून फिरवावयाचे. शेवटी वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासावयाचे. कागदाचे सूत सुटत नाही हा त्याचा गुण, ओल्या शाईने पांढरी चौकट काळी होते हा दोष. या साऱ्या रीतींमागे समजूत एकच, की घासल्याने काच स्वच्छ होते. खरे पाहता मळ सुटतो तो पाण्याने आणि थोड्याशा साबणाने. कठीण आहे ते मळकट पाणी काचेवरून पुरते काढून घेणे. ते तसेच वाळले की पाणी उडून जाते आणि त्यातला क्षार मागे राहतो. आपल्या सोसायट्यांत बोअरच्या पाण्याने पुसलेल्या काचांवर पांढरे ठिपके उठतात ते यामुळेच. त्यात मावशींचा काही अपराध नसतो.

पाणी काढून घेण्याचे साधन जहाजांवर होतेच. खलाशी डेक धुतल्यावर पाणी ढकलण्यासाठी ते वापरीत. अमेरिकेत काचा पुसणाऱ्यांच्या हाती जे आले ते मात्र जड, दोन रबरी पट्ट्यांचे आणि बारा स्क्रूंचे. पट्टी झिजली की बाराही स्क्रू काढा आणि पुन्हा आवळा. एत्तोरे स्तेक्कोने नावाचा इटलीहून कॅलिफोर्नियात आलेला माणूस स्वतः काचा पुसण्याचा धंदा करी. दिवसभर ते ओझे वागवून मनगट भरून आलेल्या माणसालाच सुचावी अशी गोष्ट त्याला सुचली. त्याने पितळेचा हलका दांडा केला, त्यात रबराची एकच धारदार पट्टी बसवली, आणि १९३६ साली तिचे पेटंट घेतले. आपण आज ज्याला वायपर म्हणतो त्याचा काचेसाठी केलेला हा सख्खा भाऊ. कसबी कामगारांच्या हातात अजूनही जवळजवळ तेच रूप आहे.

तो चालवण्याची रीत अशी. आधी चौकट आणि खाच कोरड्या ब्रशाने झाडून घ्यावी, नाहीतर धुळीचा चिखल काचेवर ओघळतो. मग साबणाचे अगदी थोडे थेंब घातलेल्या पाण्याने काच सढळपणे भिजवावी. वरच्या कडेला बोटभर पट्टा फडक्याने कोरडा करून घ्यावा. कोरड्यापासून सुरुवात केली म्हणजे रबर ओघळ सोडत नाही. वायपर किंचित तिरपा धरून एका दमात वरून खाली ओढावा, प्रत्येक ओढीनंतर रबर पुसावे, आणि पुढची ओढ आधीच्या पट्ट्यावर दोन बोटे चढवून घ्यावी. शेवटी कडा कोरड्या फडक्याने टिपाव्यात, घासू नयेत. भर उन्हात हे काम करू नये. पाणी हातापेक्षा लवकर वाळते. आतली बाजू आडवी आणि बाहेरची उभी पुसावी, म्हणजे रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूची हे लगेच कळते. ही शेवटची युक्ती मला फार आवडते, कारण काचेशी "आत की बाहेर" असे भांडण मी पुष्कळ वर्षे केले आहे. रबराला खाच पडली की ते बदलावे. तिथे काटकसर केली तर प्रत्येक काच दोनदा पुसावी लागते. कसबी माणसाचा वेग हाताच्या घाईतून येत नाही. परत फिरावे लागत नाही, म्हणून तो लवकर पुढे जातो.

उंचीचा प्रश्न मात्र वायपरने सुटला नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली उघडली. तिला सुमारे साडेसहा हजार खिडक्या. तिथले कामगार कमरेच्या चामडी पट्ट्याचे आकडे खिडकीशेजारी भिंतीत बसवलेल्या खुंट्यांना अडकवून बाहेर उभे राहत. इमारत बांधतानाच पुसणाऱ्याच्या खुंट्यांचा विचार झाला होता, ही गोष्ट मला त्या उंचीपेक्षाही मोठी वाटते. अलीकडे क्षार काढून टाकलेले शुद्ध पाणी लांब पोकळ काठीतून ब्रशापर्यंत चढवतात. ते वाळले तरी मागे काही ठेवत नाही, म्हणून पुसावेच लागत नाही. माणूस जमिनीवर उभा राहून वरच्या मजल्यांच्या काचा धुतो.

आमच्या इमारतीत खुंट्या नाहीत आणि ती काठीही नाही. पण आमच्या खिडक्यांच्या सरकत्या झडपा किंचित वर उचलून तळाशी आत ओढल्या की निघतात, हे मला सुताराने दाखवले. झडप जड असते, दोघांनी धरावी लागते. गेल्या वर्षी मी आणि मावशींनी चारही झडपा आत काढून, मोरीत भिंतीला टेकवून धुतल्या आणि पुन्हा बसवल्या. दुपार गेली. शेवटची झडप बसवल्यावर मावशींनी खिडकीतून खाली पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, एवढी वर्षं मी इथं उभी राहत होते. खाली बघायचं नाही असं मनाशी ठरवलेलं असायचं." मी चहा टाकला.

मंडळाच्या सभागृहात जिन्यावरची उंच खिडकी आहे. तिची झडप निघत नाही आणि बाहेर पाय ठेवण्यास कडा तेवढी आहे. आजवर दर वर्धापनदिनाच्या आधी ती पुसली जाई. कोण आणि कशी पुसते हे आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते. यंदा कार्यकारिणीत मी तो विषय काढला. शिडी आणि पट्टा घेऊन येणाऱ्या माणसाचे दर विचारून घ्यावेत असे ठरले आहे, पण पैशाची तरतूद अद्याप व्हावयाची आहे. तेव्हा समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांना त्या काचेवर पावसाळ्याचे ओघळ दिसतील.