‘ओ’ दिसणारं, पण ‘ओ’ नसलेलं रक्त

आजचा भाग माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो.

मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन होतं. मी रक्तपेढीच्या खिडकीपाशी ताटकळत होतो. शेवटी वैतागून म्हणालो, “बाबा ओ पॉझिटिव्ह, पिशवी ओ पॉझिटिव्ह. मग द्या की!” आतल्या ताई शांतपणे म्हणाल्या, “ग्रुप सारखा आहे हो, पण रक्त जुळतंय का ते बघायला नको?”

घरी आल्यावर वाचायला बसलो आणि पोचलो थेट १९५२ च्या मुंबईत.

त्याआधी थोडं मागे जाऊ. १९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने रक्तगट शोधले. तोवर रक्त देणं म्हणजे निव्वळ जुगार होता. पुढे एक समज रुजला, की ‘ओ’ गटाचं रक्त कुणालाही चालतं.

मग १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईतल्या तीन माणसांबद्दल लिहिलं. नेहमीच्या तपासणीत त्यांचं रक्त ‘ओ’सारखं दिसे, पण ‘ओ’चंच रक्त त्यांना चालत नव्हतं!

कारण असं. लालपेशीवर ‘एच’ नावाचा एक पाया असतो. त्यावर एक साखर जोडली की ‘ए’, दुसरी जोडली की ‘बी’. ‘ओ’वाल्यांकडे नुसता पाया. या तिघांकडे पायाच नव्हता. त्यामुळे त्यांचं शरीर ‘एच’लाच शत्रू समजायचं, आणि ‘ओ’मध्ये तर ‘एच’ भरपूर. याच गटाला आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. भारतात साधारण १०,००० माणसांत एक जण या गटाचा सापडतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा एज केस. लेबल बरोबर दिसतं, सिस्टिम मात्र कोसळते. तो पकडते क्रॉसमॅच. पेशंटचा सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून गुठळ्या होतात का, हे आधी बाहेरच बघायचं. शरीरात गेल्यावर कळलं, तर जिवावर बेतू शकतं.

मग अशा माणसाचं ऑपरेशन करायचं कसं? ते ठरवून करायचं असेल तर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी लोह देऊन वाढवतात. काही ऑपरेशनांत सांडलेलं रक्त मशीनमध्ये धुऊन परत त्याच माणसाला देतात. शिवाय ट्रानेक्झामिक ॲसिड आहे. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीच्या संशोधनातून आलेलं हे औषध रक्तस्राव कमी करतं. २०१० मध्ये २०,००० हून जास्त जखमींवर झालेल्या ‘क्रॅश-२’ चाचणीत त्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. या उपायांचा फायदा इतर पेशंटनाही होतो. पण खूप रक्त गेलं असेल, तर रक्ताला पर्याय रक्तच.

बाबा आता ठणठणीत आहेत. पण ती खिडकी आठवली की अजून ओशाळायला होतं. मी ज्याला उशीर म्हणत होतो, ती बाबांसाठी चाललेली टेस्टिंग होती. कधी तुमच्यावर तशी वेळ आली, तर तेवढा वेळ थांबा. घाई करू नका.

भेटू पुढच्या भागात!