दीपकाडीचं माहेर

लोणावळ्याच्या पठारांवर, विसापूर-कोरीगडाच्या कातळावर जिथे जेमतेम बोटभर माती साठते, तिथे पहिल्या पावसांनंतर गवतासारख्या पातींमधून एक सरळ दांडा वर येतो. त्याला एकाच बाजूला हिरवट-पांढरी फुलं लागतात, मान खाली घातलेली. ही दीपकाडी. नाव इतकं चपखल की व्युत्पत्ती विचारावीशीही वाटत नाही. दांडा ती काडी, फूल तो दीप, समास सुटला.

पण वनस्पतिशास्त्रात या प्रजातीचं नाव ‘डिपकॅडी’ आहे. दोन नावांतलं हे साम्य योगायोगाचं नाही. मग कुणी कुणाकडून घेतलं? मराठीतून लॅटिनमध्ये गेलं असावं, असं पटकन वाटतं. कालक्रम मात्र उलट सांगतो. मेडिकस या जर्मन शास्त्रज्ञाने हे प्रजातिनाम १७९० मध्ये वापरलं, तेही भूमध्य समुद्राकाठच्या एका कांद्यासाठी. आपल्या सह्याद्रीतल्या दीपकाडीचं वर्णन निकोल डॅल्झेलने केलं ते १८५० मध्ये, आणि तेव्हा त्याने तिला ‘युरोपेटॅलम’, म्हणजे शेपटीच्या पाकळीची, अशा वेगळ्याच प्रजातीत ठेवलं होतं. पुढे क्यू उद्यानाच्या बेकरने तिला डिपकॅडीत आणलं. म्हणजे मराठी नाव त्यानंतरचं असावं. लॅटिन उच्चार कानावर पडल्यावर कुणा जाणत्या माणसाला त्यात दीपही दिसला असेल आणि काडीही. याला लोकव्युत्पत्ती म्हणून हिणवायचं कारण नाही. परकं नाव मराठीच्या तोंडी इतकं रुळवणं ही मोठी कामगिरी आहे, आणि मी तरी हे नाव अस्सल मराठीच मानतो.

मेडिकसनेही ते स्वतः घडवलं नव्हतं. सोळाव्या शतकातल्या युरोपीय वनौषधिग्रंथांत ‘डिपकॅडी’ आणि ‘टिपकॅडी’ ही पूर्वेकडून, तुर्कांच्या बागांतून आलेली नावं म्हणून आढळतात. ती होती मस्कारीची. वसंतात निळ्या मण्यांचे घोस धरणारी ग्रेप हायसिंथ याच मस्कारी प्रजातीतली. तिच्या कस्तुरीगंधी बहिणीला हे नाव होतं. ‘मस्कारी’च्या पोटात कस्तुरीच आहे: संस्कृत मुष्क, फारसी मुश्क, ग्रीक मोस्खोस, लॅटिन मुस्कुस. निळ्या कांद्यांच्या घराण्यातलं नाव असं आपल्या हिरवट-पांढऱ्या फुलाकडे आलं.

याच्या नेमका उलटा प्रवास ‘स्किला’चा. प्राचीन ग्रीकांचा स्किला म्हणजे समुद्रकाठचा मोठा औषधी कांदा, आपल्या कोळकांद्याचा सख्खा भाऊ. लिनियसने स्किला प्रजातीत त्याच्यासोबत युरोपातले छोटे निळे कांदेही घातले. पुढे शास्त्रज्ञांनी वाटण्या केल्या, मोठा कांदा आधी ‘अर्जिनिया’त आणि आता ‘ड्रिमिया’त गेला. ज्याचं नाव होतं तोच घराबाहेर पडला आणि नाव निळ्या फुलांकडे राहिलं. त्या निळ्यांतही गोंधळ आहेच. ‘स्किला सायबेरिका’ मुळात सायबेरियाची नाही, तिचं घर दक्षिण रशिया, कॉकेशस आणि तुर्कस्तान. ‘ल्युसिली’ म्हणून रोपवाटिका वर्षानुवर्षं जे विकत आल्या ते बहुधा ‘फोर्बेसी’ निघतं.

मावळात या वाटणीचा परिणाम थेट औषधाच्या बटव्यापर्यंत पोचतो. ‘स्किला इंडिका’ हे एकच नाव दोन वेगळ्या वनस्पतींना दिलं गेलं. रॉक्सबर्गची स्किला इंडिका म्हणजे कोळकांदा. बेकरची म्हणजे भुईकांदा, आजचा ‘लेडेबुरिया’. जुन्या ग्रंथातलं नाव कुणाचं हे लेखक पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि कोळकांद्यात तर हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं आहेत. ओळखायला मात्र दोघे सोपे आहेत. कोळकांद्याचा उंच दांडा भर उन्हाळ्यात पानांआधी येतो, कांदा मोठा, रस अंगाला खाजरा. ड्रिमिया या ग्रीक नावाचा अर्थही ‘झोंबणारा’ असाच. भुईकांदा छोटा, पानांवर जांभळे ठिपके. पानाचं टोक मातीला टेकलं की तिथे नवा कांदा धरतो.

जुन्या मराठी नावांनी इथे जास्त शहाणपणा दाखवला आहे. संस्कृतात खायच्या कांद्याला पलांडू आणि कोळकांद्याला वनपलांडू किंवा कोलकंद. कोल म्हणजे रानडुक्कर. मराठीने कंद या व्यापक शब्दाचा कांदा केला आणि तो स्वयंपाकघराला देऊन टाकला. मग रानातल्या प्रत्येकाला विशेषण लावावं लागलं: रानकांदा, भुईकांदा, कोळकांदा. ती वनस्पती राहते कुठे आणि दिसते कशी, एवढं तरी ते विशेषण सांगतं.

निळा रंग हवा तर मावळात तो पावसाच्या शेवटी मिळतो, सायनोटिसच्या फुलांत. त्यातल्या एका जातीची मुळं कंदासारखी फुगीर असतात. आभाळी, नभाळी, निळवंती ही नावं या जातींमध्ये बोलताना सर्रास अदलाबदल होतात, म्हणून ओळख पटवताना पान आणि मूळही पाहावं. आणि सांतापाव यांचं १९५३ चं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक हाताशी असू द्यावं.

लोणावळ्याच्या बंगल्यांत हायसिंथ आणि मस्कारीचे कांदे हौसेने आणले जातात. इथला हिवाळा त्यांना पुरत नाही. आठ ते बारा आठवडे पाच ते नऊ अंशांची थंडी लागते, ती फ्रिजमध्येच द्यावी लागते, आणि शेजारी सफरचंद ठेवलं तर त्याच्या वायूने आतली कळी खराब होते. दीपकाडीला यातलं काही नको. कातळावरून कांदा उपटून आणू नये. फळं सुकून उकलली की काळ्या चपट्या बिया मूठभर घ्याव्यात, बाकीच्या तिथेच राहू द्याव्यात. जांभ्याचा चुरा आणि पाणी झटकन निथळेल अशी माती उथळ कुंडीत भरून पावसाच्या सुरुवातीला पेरावं. दिवाळीनंतर पाती पिवळ्या पडतात, तेव्हा रोप मेलं समजून कुंडी रिकामी करू नये. पाणी पूर्ण बंद करून ती वळचणीला कोरडी ठेवावी आणि जूनमध्ये परत उघड्यावर आणावी. फुलासाठी काही पावसाळे थांबावं लागतं.