आखाड्याचा मालक कोण?

मराठीत कुस्तीचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा थेट कोल्हापूरच्या स्टँडवर उतरतो. त्यात गैर काही नाही. १९०२ मध्ये शाहू महाराज विलायतेला गेले, वाटेत रोमचे कलोसियम पाहिले आणि त्या दर्शनातून १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी गोडच लागते. मग १९५२ चे हेलसिंकी आणि खाशाबा जाधवांचे कांस्यपदक, १९५३ ची मामासाहेब मोहोळांची राज्य कुस्तीगीर परिषद, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६१ चे औरंगाबादचे अधिवेशन आणि पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी. मालिका तयार आहे. तिच्यात राजे आहेत, वस्ताद आहेत, मल्ल आहेत, गदा आहे. पैसे कोणी दिले, हे मात्र शाहू महाराजांनंतर कोणी फारसे विचारत नाही.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. राजाश्रय संपला. सरकारी मानधन किंवा नोकरी मिळाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. तरीही तालमी ओस पडल्या नाहीत. शेकडो पोरे दूध-बदाम-तूप खात राहिली आणि त्या खुराकाचे बिल कोणीतरी भागवत राहिले. माझ्या मते त्या ‘कोणीतरी’चे उत्तर गदेपाशी सापडत नाही. ते सापडते गावच्या यात्रा कमिटीच्या वहीत.

मी राहतो ते निघोजे खेड तालुक्यातले, चाकणजवळचे. (रांजणखळग्यांचे निघोज ते पारनेरचे; टपाल आजही अधूनमधून तिकडे जाते.) देहू आणि आळंदीच्या मधल्या पट्ट्यात, इंद्रायणीच्या उत्तरेला. मोई, चिंबळी, कुरुळी, महाळुंगे हे शेजार. या पट्ट्यात चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखी, छबिना, बैलगाडा, रात्री तमाशा आणि यात्रेच्या सांगतेला दुपारी उन्हे कलल्यावर कुस्त्या. आमच्याकडे त्याला ‘आखाडा’ म्हणतात. शिरूर-पारनेरकडे गेले की तोच ‘हगामा’ होतो आणि सांगली-कोल्हापुरात ‘मैदान’. शब्द बदलतो, रीत फारशी बदलत नाही.

या आखाड्याची हस्तपत्रके हा माझा छंद. गुलाबी, पिवळ्या पातळ कागदावर छापलेली. माथ्यावर ग्रामदैवत प्रसन्न, खाली ‘निकाली कुस्त्यांचा जंगी आखाडा’, मग जोड्या. डावीकडे एक पैलवान व त्याची तालीम, उजवीकडे दुसरा, मध्ये ‘विरुद्ध’, आणि पुढे इनामाचा आकडा व देणाऱ्याचे नाव. बहुतेक इनामे कोणाच्या तरी स्मरणार्थ असतात. तळाला बारीक अक्षरात सूचना : पंचांचा निर्णय अंतिम राहील, ऐनवेळी बदल करण्याचा अधिकार कमिटीस राहील. नाटक कंपनीच्या जाहिरातीत आणि या कागदात मला तरी फरक दिसत नाही. हा धंद्याचा कागद आहे. ‘इनाम’, ‘मान’, ‘सेवा’ असे शब्द वापरून आपण तो धंदा झाकून ठेवला, एवढेच.

व्यावसायिक कुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोरखंडांचे रिंगण आणि रंगीत चड्ड्या येतात. नव्वदीतल्या पोरांच्या खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असत, त्याचा तो परिणाम. पण ज्या अमेरिकेतून ते पत्ते आले तिथली आधीची पद्धत समजून घेतली, तर आपला आखाडा जास्त स्पष्ट दिसतो. १९४८ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी काही कुस्तीचालक एकत्र आले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाची संघटना केली. कराराचे सार साधे होते. प्रत्येकाने आपापला मुलूख सांभाळायचा, दुसऱ्याच्या मुलखात खेळ लावायचा नाही. पैलवान मात्र एका मुलखातून दुसऱ्या मुलखात फिरत राहायचे. ही घडी ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या मॅकमहनने मोडली. त्याने दूरचित्रवाणीच्या जोरावर सगळे मुलूख गिळले आणि लहान चालक एकेक करून बसले.

आपल्याकडे मुलूख वाटले गेले नाहीत. आपल्याकडे तिथी वाटल्या गेल्या. या गावाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, पलीकडच्या गावाची वद्य अष्टमीला, त्याच्या पुढच्याची अक्षय्यतृतीयेला. तिथी देवाची असल्याने ती कोणी पळवू शकत नाही. पैलवानाच्या दृष्टीने पाहा : पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत अडीच महिने, आणि आज या गावात लढून उद्या त्या गावात पोचायचे. आळंदीच्या तालमीतली, पुण्याच्या पेठांतली, नगरकडची पोरे याच वेळापत्रकावर फिरतात. वर्षाचा खुराक या अडीच महिन्यांत जमवायचा असतो. कोणी व्यवस्थापक नाही, कोणी करार नाही, नोंदणी नाही. दरवर्षी कमिटी नवी बसते, वर्गणी काढते, आखाडा लावते आणि हिशेब वाचून विसर्जित होते. इतकी टिकाऊ आणि इतकी बिनमालकीची करमणूक संस्था दुसरी मला माहीत नाही.

प्रत्यक्ष दुपार कशी असते ते सांगायलाच हवे, कारण माझे सगळे प्रेम तिथे आहे. ट्रॅक्टरने नांगरून, खडे वेचून माती मऊ केलेली असते. कुठे तिच्यात ताक, हळद, तेल पडते, कुठे नुसते पाणी शिंपडतात. आखाडापूजन, नारळ, मग हलगी. पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर आणि नारळावर. पाच-सहा वर्षांचे पोर चड्डीवर उतरते, हरले तरी त्याच्या हातावर काहीतरी ठेवतातच. मग शंभराच्या, दोनशेच्या, पाचशेच्या. जोड लावणे ही खरी कला. पंच दोघांना शेजारी उभे करतात, उंची पाहतात, दंड चाचपतात, कानाकडे पाहतात. चुरगळलेला कान म्हणजे मुरलेला पैलवान. तो साध्या पोराशी लावला तर गर्दी हरकत घेते. एखादा तयारीचा गडी हातात नोट धरून रिंगणाला फेरी मारतो, “आहे का कोणी?” आणि गर्दीतून कोणीतरी शर्ट काढत उतरतो.

चटईवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात आणि गुण असतात. मातीत खांदे टेकल्याशिवाय निकाल नाही. त्यामुळे इथली कुस्ती सुरुवातीला अनोळखी माणसाला कंटाळवाणी वाटते. दोघे मनगटे धरून, कपाळाला कपाळ लावून नुसते ढकलत राहतात. खडाखडी चालू असते. पण हलगीवाल्याला कळते. त्याची टिपरी अंमळ जलद होते आणि पाच हजार माणसे बोलायची थांबतात. ढाक लागताना जो आवाज होतो तो पडणाऱ्याचा नसतो, गर्दीच्या श्वासाचा असतो. घिस्सा त्याच्या उलट, सावकाश. खाली बसलेल्याची लांग धरून वरचा इंच इंच पलटवत नेतो, आणि निवेदक ध्वनिक्षेपकावरून दोघांच्या आज्या-पणज्यांपर्यंतचा इतिहास सांगत राहतो. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्यांनी या निवेदनाला स्वतंत्र कलेचा मान मिळवून दिला. अलीकडे मुलींच्या कुस्त्याही लागतात आणि त्यांना म्हाताऱ्या बायका पुढे येऊन बसतात, हे मला फार आवडते.

आता नुरा कुस्तीचे. आधीच ठरवून केलेल्या लढतीला आपल्याकडे हा शब्द आहे आणि राजकारण्यांमुळे तो सर्वांच्या तोंडी आहे. आखाड्यात नुरा होत नाही असे मी म्हणणार नाही. अडीच महिन्यांत वीस-पंचवीस ठिकाणी लढणाऱ्या माणसाने प्रत्येक गावात मान पणाला लावावी ही अपेक्षा घरबसल्या करणे सोपे आहे. गुडघा गेला की त्याचे वर्ष गेले. म्हणून दोन ओळखीचे पैलवान पंधरा मिनिटे रेटारेटी करतात, कुस्ती बरोबरीत सुटते, इनाम वाटून घेतले जाते. यावर गावाने शोधलेला उपाय हस्तपत्रकाच्या मथळ्यातच आहे : ‘निकाली’. निकाल नाही तर पैसे नाहीत, किंवा अर्धेच. बंदोबस्ताचे उरलेले काम शिट्ट्या करतात. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थने पॅरिसच्या कुस्त्यांविषयी लिहिताना म्हटले होते की लढत ठरलेली आहे की नाही याची तिथल्या प्रेक्षकाला फिकीर नसते. आमच्या प्रेक्षकाला असते. तो फसवला गेल्यावर चप्पल काढतो.

ठरवलेल्या लढतीचा उघड बाजार मुंबईत भरला. पन्नास-साठच्या दशकांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाइलच्या लढती तिकीट लावून होत. दारासिंग, रंधावा, हंगेरीत जन्मलेला महाकाय किंगकाँग. १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवले. तो थेझ त्या वॉटर्लूच्या संघटनेचा अनेक वर्षांचा विजेता. गिरणगावातल्या तालमींतली मराठी पोरे हे पाहायला गेलीच असणार, पण मातीने ती रीत उचलली नाही. त्याच पिढीत मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेत होते. हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले, तरी लोकांच्या स्मरणात ते राहिले बेळगावच्या मैदानात सतपालला पाडल्यामुळे.

दुसऱ्यांदा तो बाजार आमच्या अगदी दारात आला. २०११ च्या डिसेंबरात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात ‘रिंग का किंग’ या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले. (या संकुलाला म्हाळुंगे-बालेवाडी म्हणतात, ते म्हाळुंगे मुळशीकडचे, आमच्या शेजारचे नव्हे.) अमेरिकेच्या टीएनए कंपनीने एंडेमॉलबरोबर तो काढला होता. कारभार जेफ जॅरेटचा, चेहरा हरभजन सिंगचा. स्कॉट स्टायनरसारखे नामांकित गडी उतरले, कॅनडातले दोन पंजाबी भाऊ ‘बॉलिवूड बॉइज’ म्हणून नाचत आले. जानेवारी ते एप्रिल २०१२ या काळात कलर्स वाहिनीवर सव्वीस भाग झाले. मी ते सगळे पाहिले, आणि आवडीने पाहिले; पडायलाही शिकावे लागते, ते त्यांना उत्तम येत होते. पण दुसरे पर्व आले नाही. शेवटचे भाग लागत होते तेव्हा आमच्याकडे चैत्र-वैशाखातले आखाडे चालू होते. एका बाजूला परदेशी भांडवल, प्रकाशयोजना, वाहिनी. दुसऱ्या बाजूला वर्गणीची पावती. मालक असलेला खेळ मालकाच्या हिशेबाने थांबला.

म्हणून आखाड्याला धोका नाही, असे नव्हे. धोका दोनदा जवळून दिसला.

पहिला अचानक आला. २५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. म्हणजे पैलवानाच्या कमाईचा पहिला दिवस हाच बंदीचा पहिला दिवस. पुढच्या वर्षीच्या चैत्रातही यात्रा झाल्या नाहीत. दोन हंगाम सलग बुडाले. तालमी बंद, खुराक बंद. कितीतरी पोरे शेतमजुरीला गेली. क्रिकेटचे सामने रिकाम्या मैदानांत झाले, कारण त्यांचा पैसा दूरचित्रवाणीतून येतो. आखाड्याचा पैसा प्रत्यक्ष जमलेल्या गावातून येतो. गाव जमले नाही तर काहीच येत नाही.

दुसरा धोका सावकाश चालला आहे आणि तो आमच्या शिवारातून दिसतो. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा. जमिनी गेल्या, पैसे आले, चाळी झाल्या. पूर्वी वर्गणी उंबऱ्यावर असे. सगळ्यांचे थोडे थोडे, म्हणून इनामेही थोडी थोडी आणि पुष्कळ. आता दोन-चार ठेकेदार, एखादा इच्छुक उमेदवार मिळून शेवटच्या कुस्तीचे लाखाचे इनाम लावतात आणि फ्लेक्सवर पैलवानापेक्षा मोठे छापले जातात. शेवटची कुस्ती चांगली होते, हे मान्य. पण मधल्या पाचशे ते पाच हजारांच्या कुस्त्या कमी झाल्या, आणि पैलवान घडतो तो त्या मधल्या पायऱ्यांवर. मोठी यात्रा ती नव्हे जिचे शेवटचे इनाम मोठे. जिथे शंभर जोड्या सुटतात ती मोठी, असे माझे मत आहे आणि कमिटीच्या तरुण मंडळींशी माझा यावर दरवर्षी वाद होतो.

वरची कमान भक्कम आहेच. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला आमच्याच खेड तालुक्यातला, राक्षेवाडीचा शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा गदेबरोबर त्याला महिंद्राची थार मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात संघटनांच्या भांडणामुळे फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले, एकीकडे सिकंदर शेख, दुसरीकडे पुन्हा राक्षे. अमेरिकेतल्या पट्ट्यांची भांडणे वाचलेल्याला यात नवे काही नाही. गावच्या आखाड्यात मात्र दोन कमिट्या होऊ शकत नाहीत, कारण देव एक आणि तिथी एक.

हल्ली नारळाच्या कुस्त्यांना चाळींतली पोरे उतरतात. आईबाप मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहारमधले. कंपनीत कामाला आलेले. जीन्सच्या दुमडलेल्या पँटीवरच उभी राहतात. निवेदकाला नावाबरोबर गाव पुकारावे लागते, तो वाकून विचारतो, पोर निघोजे सांगते, आणि तो तसेच पुकारतो.

हस्तपत्रके छापणे जवळजवळ थांबले आहे. जोड्या आता मोबाइलवर फिरतात आणि आठवड्यात पुसल्या जातात. जुने कागद पेट्यांच्या तळाशी, पोथ्यांच्या घड्यांत, देव्हाऱ्याच्या मागे अजून असतील. खेड, मावळ, शिरूर, जुन्नरकडच्या वाचकांनी ते रद्दीत देऊ नयेत. फाटलेले असले तरी चालतील. साल नसले तरी तिथी असतेच, आणि इनामाच्या आकड्यावरून साल काढता येते.