पहाटेची शाळा



मुलांसाठी आपण काय केलं, असं कुणी विचारलं की आपण शाळेची फी, सणाचे कपडे, वाढदिवसाचा केक असं सांगायला लागतो. मोठेपणी त्यांना यातलं काय आठवेल, ते आपल्या हातात नसतं. आज एका आईची गोष्ट सांगते. तिच्याकडे लेकीला द्यायला पैसा नव्हता, राहायला कायमचं घरही नव्हतं.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दौंडजवळच्या केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन कुणी पाहिलंही असेल. त्यांची आई लक्ष्मीबाई डोंगरे. लक्ष्मीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं. वडील यात्रेला निघाले होते, गोदावरीकाठी मुक्काम पडला. नदीवर स्नानाला आलेले एक शास्त्री दिसले, विचारपूस झाली आणि दुसऱ्या दिवशी लेक देऊन टाकली. नवरा बिजवर, ४४ वर्षांचा. ऐकून अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा.

पण या अनंतशास्त्र्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. ते बघून त्यांनी ठरवलं होतं, आपल्याही बायकोला शिकवायचं. पहिल्या बायकोच्या वेळी ते जमलं नाही. लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवायला घेतलं, तेव्हा लोकांनी विरोध केला. मग ते बिऱ्हाड घेऊन कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची असताना ते घरही सुटलं. आईने तिला वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात ठेवलं आणि एका माणसाने तो पेटारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरला. रमाबाईंनी पुढे हे लिहून ठेवलं आहे. आता बघा, सहा महिन्यांच्या बाळाला हे कुठलं आठवणार? ही आठवण घरच्यांच्या तोंडून आलेली. तू अशी होतीस, तुला आम्ही असं आणलं, हे मुलांना पुन्हा पुन्हा ऐकायला आवडतं ना, तशीच.

पुढे सगळी वर्षं तीर्थयात्रेत गेली. आज या देवळात, उद्या त्या धर्मशाळेत. वडील पुराण सांगत, लोक जे देतील त्यावर घर चाले. वडील थकले, त्यांची दृष्टी गेली, आणि रमाला शिकवायचं काम आईकडे आलं. दिवसभर चूल, पाणी, आल्यागेल्याचं करणं. यातून वेळ कुठला काढायचा? लक्ष्मीबाईंनी पहाट काढली. पाखरं बोलायला लागली की झोपलेल्या लेकीला उचलून जवळ घ्यायचं, लाडीगोडी लावून जागं करायचं आणि धडा सुरू. हातात पुस्तक नाही. आईने म्हणायचं, लेकीने मागून म्हणायचं. आठव्या वर्षापासून जवळजवळ पंधराव्या वर्षापर्यंत हे चाललं. बाराव्या वर्षी रमेला पुराणांतले १८,००० श्लोक पाठ होते, असं सांगतात.

मला त्या श्लोकांपेक्षा ते उचलून घेणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर दुष्काळ आला. १८७४ साली आधी वडील गेले, मग दीड महिन्यात आई. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दाणा नाही. रमा शेजारच्या बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला गेली. भीक मागायची सवय नव्हती, तोंडातून शब्द फुटेना, नुसतं रडू आलं. त्या बाईने बाजरीची भाकरी दिली. आईला ती खाववली नाही. प्रेत उचलायला माणसं मिळेनात. दोघे जण कसेबसे आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी पडली म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढे बहीणही गेली. ही मुलगी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची.

भाऊबहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता म्हटलं. शाळेचा उंबरा न ओलांडलेली ही बाई, शिकली होती ती त्या पहाटांमध्ये. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, त्यावरून खूप वाद झाला. तो विषय वेगळा. १८८७ साली अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ते आईच्या आठवणीला अर्पण केलं. तिकडे असतानाच त्या बालवाडीचं शिक्षण शिकल्या, लहान मुलांना खेळातून कसं शिकवायचं ते. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, मध्य प्रांतात. रमाबाई तेव्हा अडतिशीच्या. त्या स्वतः तिकडे गेल्या. उपाशी, अनाथ मुली त्यांनी पाहिल्या आणि सुमारे ३०० जणींना घेऊन आल्या. इतक्या जणींना कुठे ठेवणार, काय खाऊ घालणार, असे प्रश्न होतेच. पण शेजारणीच्या दारात उभं राहून भाकरी मागताना काय वाटतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. केडगावच्या शेतावर त्यांनी या मुलींची सोय केली. तिथे पुढे शाळा चालली, माग चालले, छापखाना चालला, आणि ही कामं बायका-मुलींनीच केली.

रमाबाईंची स्वतःची लेक मनोरमा एक वर्षाचीही नव्हती, तेव्हा तिचे वडील गेले. वडिलांचं तोंडही तिला आठवणं शक्य नव्हतं. ते कसे होते, हे तिला सांगायचं कामही आईकडेच आलं.