अभंग, कीर्तन आणि किंगरी

२०१६ चा दसरा. बेज्जूरमध्ये सकाळी तुम्ही जागे होता ते नव्या जिल्ह्यात. कालपर्यंत आदिलाबाद होतं, आजपासून कोमरम भीम आसिफाबाद. घर तेच, प्राणहिता तेवढीच लांब, पलीकडचा गडचिरोलीही जागच्या जागी. बदलली ती फक्त गोष्ट, ज्यात तुम्ही राहता. आजोबांच्या तरुणपणी ती निजामाची होती. १९५६ साली ‘एक भाषा, एक राज्य’ अशी नवी आली. तिने किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून उचलून मराठी मुलखात नेले, बेज्जूर आंध्रात राहिलं. नदीच्या या काठाला घरात मराठी बोलणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. २०१४ मध्ये तीही गोष्ट पुरेना. भाषा एकच, पण राज्यं दोन झाली.

सगळ्यांचं सगळं समजावून सांगणाऱ्या अशा गोष्टींना ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार हा फ्रेंच विचारवंत महाकथनं म्हणतो. त्यांच्यावरचा विश्वास उडणं ही उत्तर-आधुनिक अवस्था, असं त्याने १९७९ साली क्वेबेकच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात मांडलं. बेज्जूरच्या माणसाला त्यासाठी क्वेबेकपर्यंत जायची गरज नव्हती. पण साहित्यात मामला इतका सरळ नाही. विश्वास आधुनिकतावाद्यांचाही उडालाच होता. मग या दोघांत फरक काय? तो व्याख्यांत सापडत नाही, कानाने ऐकावा लागतो. म्हणून मागे चला.

१९४७, मुंबई. महायुद्ध संपून दोन वर्षं झालीत, देश नुकताच मोकळा झालाय आणि फुटलाही आहे. गिरगावातल्या एका खोलीत तुमच्या हातात बा. सी. मर्ढेकरांचं ‘काही कविता’ आहे. शेजारी बसलेले गृहस्थ संतापलेत. पिंपात मेलेल्या उंदरांवर कविता? प्रेम, निसर्ग, राष्ट्र सगळं सोडून? पुढे याच पुस्तकावर अश्लीलतेचा खटला होणार आहे आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटणार आहेत, पण हे त्यांना आत्ता सांगू नका. त्यांना एवढंच म्हणा, जरा मोठ्याने वाचा.

ते वाचू लागतात, कुरकुरत. आणि दुसऱ्या-तिसऱ्या कवितेपाशी त्यांचा हात नकळत मांडीवर ठेका धरतो. हा ठेका ओळखीचा आहे. ही तर अभंगाची चाल! यंत्रं, गर्दी, पोटासाठी धावणारी माणसं, त्यांचं किड्यामुंगीचं मरण, हे सगळं मर्ढेकरांनी तुकोबा-रामदासांच्या साच्यात ओतलंय. इंग्लंडमध्ये शिकलेला, आकाशवाणीत नोकरी करणारा हा कवी संतांकडे गेला तो सजावटीसाठी नव्हे. जग मोडलंय हे त्याला दिसतं, त्याचा त्रास होतो, आणि निदान कवितेच्या आत तरी ते तुकडे धरून ठेवावेत म्हणून तो अभंगाला हात घालतो. १९२२ मध्ये एलियट ‘द वेस्ट लँड’मध्ये जुन्या ग्रंथांचे तुकडे गोळा करत होता, त्यामागेही हीच धडपड होती. आधुनिकतावादाची खूण दुर्बोधतेत किंवा मोडतोडीत शोधू नका. त्या मोडतोडीचा शोक आणि तरीही कलाकृती अखंड असावी असा हट्ट, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की समजा, हा आधुनिकतावादी.

१९६९ वर फार थांबायला नको. राजा ढाले आणि त्यांचे साथी ‘सत्यकथा’ मासिकाचे अंक जाळताहेत. सायक्लोस्टाइलवर काढलेली अनियतकालिकं हातोहात फिरताहेत. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी येऊन सहा वर्षं झालीत. हे बंड बघून अनेक प्राध्यापक इथेच उत्तर-आधुनिकतेची पाटी लावतात. मला ते पटत नाही. इतका राग त्यालाच येतो, ज्याला कुठेतरी काहीतरी खरं आहे आणि ते कुणीतरी दडपतंय असं वाटतं. खऱ्याचा आग्रह सुटल्यावर माणूस अंक जाळत नाही.

२२ नोव्हेंबर १९७४. पुण्याचं भरत नाट्य मंदिर. थिएटर ॲकॅडमी, सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’. पडदा वर जातो आणि कीर्तन सुरू होतं. कीर्तन तुम्हाला नवं नाही; पूर्वरंग, उत्तररंग, मधे अभंग, बुवांचं थोडं विनोदी थोडं उपदेशाचं बोलणं. पण हे बुवा म्हणजे भाऊराव, आणि भाऊराव मेलेले आहेत. आख्यान लावलंय ते स्वतःच्याच मरणाचं. चाळकरी जमतात, बायको रडते, मुलगा नाना गोंधळलेला आहे. हा नाना खुद्द आळेकरच करताहेत. भाऊरावांना जळायचंय ते जुन्या स्मशानातच, आणि नेमकं तेच बंद झालंय. मढं घरात पडून राहतं, आख्यान काही संपत नाही.

आता मर्ढेकरांचा अभंग आठवा. संतपरंपरेचं सामान तिथेही होतं, इथेही आहे. मर्ढेकर त्याच्या आधाराने उभं राहायला बघतात. आळेकर कीर्तन तितक्याच निगुतीने उभं करतात, चाल, ठेका, लकब सगळं अस्सल, पण त्याच्या गाभ्यात देव नाही, बोध नाही, आहे एक प्रेत आणि त्याची बारीकसारीक हौस. तुम्ही हसता. हसल्यावर थोडं चपापता, कारण या कीर्तनाला तुम्ही कुठे बसून टाळ्या देताय, श्रद्धेच्या बाजूने की टवाळीच्या, हे तुम्हालाच ठरवता येत नाही. तिथे शोक करणारं कुणी नाही. मोडलेलं परत जुळावं असं कुणी म्हणतही नाही.

त्याच लेखकाचं ‘बेगम बर्वे’ १९७९ मध्ये येतं, ल्योतारच्या अहवालाच्याच वर्षी. एकाने दुसऱ्याचं काही वाचलं असण्याची शक्यता शून्य. संगीत रंगभूमीवर कधीकाळी बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो. जावडेकर आणि बावडेकर या दोन कारकुनांच्या स्वप्नात तो शिरतो, की ते त्याच्या, ते शेवटपर्यंत कळत नाही. बालगंधर्वांच्या काळातली पदं येत राहतात. बर्वे कधी पुरुष, कधी कारकुनांच्या मनातली नलावडेबाई. मूळ कोण आणि नक्कल कोण, हा प्रश्न नाटक सोडवत नाही. तो सुटायला हवा असं त्याला वाटतच नाही. आधुनिकतावादी नाटकाने तो सोडवायचा निदान प्रयत्न केला असता आणि न सुटल्याची वेदना तुमच्या पदरात टाकली असती.

एक खटकणारी गोष्ट राहते. गोष्टीला एक कर्ता नाही, पाठ अनेक, दोन भाषा एकमेकींत मिसळलेल्या, ही लक्षणं वर्गात उत्तर-आधुनिक म्हणून फळ्यावर लिहून देतात. तर मग १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, परत तुमच्याच जिल्ह्यात या. जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमरम भीम मारला गेलाय. गोंडांचा उठाव कशाने झाला ते समजून घ्यायला निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलंय. योगायोग असा, की गोंडांवरचं त्याचं उशिराचं मोठं पुस्तकही १९७९ चंच. गोंडांच्या वस्तीवर रात्र झालीय आणि परधान, म्हणजे त्यांचा कथेकरी, किंगरीवर गज फिरवतोय. घरी तो मराठी बोलतो, कथा गोंडांची सांगतो. गुहेत कोंडलेले देव, त्यांना सोडवणारा लिंगो, मग त्यांच्या चार सगा, म्हणजे चार, पाच, सहा आणि सात भावांचे चार गोट. ज्या सगाचा यजमान, त्या सगाची कथा. पुढच्या गावी दुसरा परधान ती वेगळी सांगेल. लेखक शोधू जाल तर सापडणार नाही.

फळ्यावरच्या यादीतलं एकेक लक्षण जुळतंय. पण समोर घोंगडीवर बसलेल्या म्हाताऱ्या गोंडाकडे बघा. एकाच सगात लग्न होत नाही. त्याच्या नातवाला कुठल्या घरची मुलगी चालेल आणि कुठली नाही, हे या कथेवरून ठरायचंय. परधानाने चौथा भाऊ सांगितला तेव्हा तो पुढे सरकून नीट ऐकू लागलाय.